पंधराच्या खाली

मित्रांनो, वाळवंटात शेगडीचे काय काम, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुमचे काही चुकले नाही. मलाही तो पुष्कळ वर्षे पडला होता. मी बिडाची, जाड काचेच्या दाराची, लाकडावर चालणारी एक जुनी शेगडी आहे. सध्या आखातातल्या रास अल खैमामधल्या एका सिमेंट कारखान्याच्या मागे, भंगाराच्या ढिगात माझा मुक्काम आहे. शेजारी एक मोडका एसी आहे. तो पार गंजला तरी त्याची ऐट काही गेलेली नाही. या देशात खरा मान आपलाच, असे त्याचे म्हणणे, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या एका ओतकाम कारखान्यात झाला. वितळलेले बीड साच्यात ओतले, निवल्यावर घासले, काळा रंग दिला, की झाले मी तयार. तिकडे वर्षातले आठ महिने थंडी. माझ्या बहिणी चांगल्या घरी पडल्या आणि रोज धगधगू लागल्या. मला मात्र एका इंजिनियरने उचलले आणि जहाजातून इथे आणले, कारण त्याला घरची फार आठवण यायची. कारखान्याच्या वसाहतीत, डोंगराच्या पायथ्याशी त्याचे बैठे घर होते. भिंतीला भोक पाडून त्याने माझे धुराडे बाहेर काढले आणि तीनचार हिवाळे मला हौसेने पेटवले. १९९४ साली नोकरी संपवून तो परत गेला. मला बरोबर न्यायचा विचार त्याने केला नाही. मी जड होते.

ते घर मग कारखान्याच्या स्टोअरकीपरला, जेरार्डला मिळाले. जेरार्ड वसईचा. त्याच्याबरोबर त्याची बायको कॉन्सेप्टा आणि पाच वर्षांची मुलगी मरिसा. पहिल्याच दिवशी कॉन्सेप्टा माझ्यासमोर उकिडवी बसली आणि दार उघडून आत डोकावली.

"जेरार्ड, हे बघ काय आहे! चूल आहे का रे?"

"लाकडाचा स्टोव्ह आहे, कॉन्सी. इथे कोण पेटवणार? मेंटेनन्सला सांगतो, काढून नेतील. खलास."

"अजिबात काढायची नाही. वसईला कधी मेली थंडी बघायला मिळाली नाही. इथे डोंगराखाली पडते म्हणतात ना, मग पडू दे."

मी राहिले ती अशी, त्या बाईच्या शब्दाखातर. माझे चांगले दिवस म्हणतात ते त्यानंतरचे, आणि ते मला दिले तिनेच.

जेरार्ड माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का होता. त्याच्या स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय साधा खिळाही बाहेर पडत नसे. तोच कारभार त्याने घरी आणला. स्टोअरमधला एक पाऱ्याचा थर्मामीटर त्याने व्हरांड्यात टांगला आणि जाहीर केले, "सकाळी साडेसहाला पारा पंधराच्या खाली गेला, की त्या दिवशी पहिली आग. पंधराच्या वर असेल तर नो सँक्शन." पारा वाचायचे काम मरिसाचे. डिसेंबर उजाडला, की शाळेची बस यायच्या आधी ती गणवेशात व्हरांड्यात पळायची आणि आत ओरडायची, "सेव्हन्टीन, डॅडी!" जेरार्ड तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचा. कॉन्सेप्टा स्वयंपाकघरातून म्हणायची, "त्या पाऱ्याला काय कळतंय? माझे पाय बघ कसे गार पडलेत." आणि तिघे हसायची.

कधी ख्रिसमसच्या आधी, कधी पार जानेवारीत तो दिवस यायचा. मरिसा किंचाळायची, "फोर्टीन! फोर्टीन!" जेरार्ड शिक्का मारल्यासारखा टेबलावर हात आपटून म्हणायचा, "सँक्शन्ड!" त्या संध्याकाळी कारखान्याचा ड्रायव्हर हारुन पिकअपमधून समरची, म्हणजे इथल्या एका काटेरी झाडाची, वाळलेली लाकडे घेऊन यायचा. हारुन पाकिस्तानातल्या स्वातचा, बर्फात वाढलेला, त्यामुळे जाळ रचण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. पहिले लाकूड मात्र कॉन्सेप्टाच ठेवायची. त्यावर बोटाने क्रूस काढायची आणि मगच काडी ओढायची. निखाऱ्यात रताळी भाजली जायची. वर्षातून फार तर पंधरावीस दिवस मी पेटायचे, पण त्या दिवसांत मला माझ्या बहिणींचा हेवा वाटला नाही.

२००१ सालच्या जानेवारीत पहिल्यांदा काहीतरी बिनसले. थंडी त्या वर्षी उशिरा पडली होती. पारा एकोणीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. कॉन्सेप्टा दोन स्वेटर घालून माझ्याजवळ आली आणि माझ्या थंड अंगावर हात ठेवून उभी राहिली.

"जेरार्ड, आज पेटवू या ना रे."

"एकोणीस आहे, कॉन्सी. रूल इज रूल."

"हाडात भरलीय थंडी."

"एसी बारीक करतो, थांब."

मित्रांनो, इथे हे सगळ्यांचेच होते. बाहेर आग ओतत असते आणि घरात, ऑफिसात, दुकानात एसीने माणसे कुडकुडतात. त्यामुळे कोणाला थंडी वाजली, तर एसीकडे बोट दाखवायची सवय लागून जाते. जेरार्डचे तेच झाले. आठवड्याने पारा उतरला, मी पेटले, आणि कॉन्सेप्टा माझ्या इतकी जवळ बसली, की तिच्या गाऊनची कड करपली. तिला ते कळलेही नाही. हारुनने मात्र ते पाहिले.

"डॉक्टरला दाखवू या का?" जेरार्डने एकदा विचारले होते. ते त्याने विचारले नाही असे मी म्हणणार नाही.

"जुलैत गावाला जाणारच आहोत. तिकडे आपले डॉक्टर आहेत, मराठीत सांगता तरी येतं," ती म्हणाली. त्यालाही ते पटले. इथली आपली माणसे दात, डोळे, गुडघे, सगळे काही सुट्टीसाठी राखून ठेवतात. सुट्टी दोन वर्षांतून एकदा येते आणि दुखणे तोवर थांबेल, असे ती धरून चालतात.

जुलै आला. कारखान्याची मोठी भट्टी दुरुस्तीसाठी बंद करायची ठरली आणि स्टोअरकीपरची सुट्टी रद्द झाली. "डिसेंबरला जाऊ, इन्शाल्ला," जेरार्ड म्हणाला. कॉन्सेप्टाने भरलेली बॅग रिकामी केली, आणि बॅग कपाटावर ठेवायला मरिसाला हाक मारली. तिला स्वतःला ती उचलत नव्हती.

तो उन्हाळा मी विसरू शकत नाही. बाहेर पंचेचाळीस आणि घरातला एसी आधी चोवीसवर, मग सव्वीसवर, मग बंद. तरी ती म्हणे, थंडी वाजते. एसी मेकॅनिक दोनदा येऊन गेला आणि मशीनमध्ये दोष नाही म्हणाला. मरिसा ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपायची, कुरकुर न करता. जेरार्डचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा. घामाने निथळणाऱ्या त्या घरात कॉन्सेप्टा ब्लँकेट गुंडाळून माझ्याशेजारच्या खुर्चीत बसायची.

"पेटव ना रे," ती सप्टेंबरात म्हणाली.

"वेड लागलं का तुला? लोक हसतील. अजून थंडीला तीन महिने आहेत."

हारुन किराणा सामान पोचवायला आला होता. तो दारातूनच म्हणाला, "साब, भाभीजी को सर्दी लग रही है, तो जला दो ना. थर्मामीटर को थोड़ी लग रही है!"

जेरार्ड त्याच्यावर खेकसला. एवढा शांत माणूस, पण खेकसला. मला तेव्हा सगळे उमगले. लोक हसतील याची त्याला भीती नव्हतीच. भर उन्हाळ्यात मला पेटवायचे, तर ही थंडी हवेतली नाही, कॉन्सेप्टाच्या अंगातली आहे, हे कबूल करावे लागणार होते. तेवढे सोडून तो काहीही करायला तयार होता. मला त्याचा राग आला, कीवही आली, आणि त्यातले काहीच मला त्याच्यापर्यंत पोचवता आले नाही.

ऑक्टोबरातला एक शुक्रवार होता. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही त्याच दिवशी, आणि निघायची वेळ झाली होती. कॉन्सेप्टाने उठायचा प्रयत्न केला आणि ती पुन्हा खुर्चीत बसली. तिचे दात वाजत होते. जेरार्ड हातात प्रार्थनेचे पुस्तक घेऊन नुसता उभा राहिला. तेव्हा बारा वर्षांची मरिसा, कोणी न सांगता, व्हरांड्यात गेली. ऑक्टोबरात पारा कोणी वाचत नसे. ती परत आली आणि बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"फोर्टीन, डॅडी."

बाहेर निदान अठ्ठावीस असेल. ते तिला माहीत होते, त्याला माहीत होते, मला माहीत होते. वीस वर्षांत ज्याच्या रजिस्टरात एक चुकीचा आकडा गेला नाही, त्या माणसाने पेन काढले आणि कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकटीत चौदा लिहिले. टेबलावर हात त्याने आपटला नाही. "सँक्शन्ड," तो पुटपुटला.

मागच्या हिवाळ्यातली थोडी लाकडे भिंतीशी पडून होती. त्याने ती रचली. पहिले लाकूड कॉन्सेप्टाच्या हाती दिले, पण तिला ते पेलेना, म्हणून मरिसाने खालून धरले. क्रूस काढला गेला. काडी ओढली गेली.

मित्रांनो, मी त्या सकाळी माझ्यात होते नव्हते ते सगळे ओतले. जन्मात इतकी तापले नव्हते. खोलीची भट्टी झाली. जेरार्डच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता, मरिसाचा चेहरा लालबुंद झाला होता, पण दोघांपैकी कोणी जागचे हलले नाही.

"बरं वाटतं ना, कॉन्सी? लागते ना ऊब?"

"हो रे," ती हसून म्हणाली. "छान वाटतं. तुम्ही दोघं मात्र भाजून निघाल."

ती खोटे बोलत होती. तिने हात माझ्या काचेसमोर धरले होते, आणि माझ्या उजेडात मला तिची नखे दिसत होती. ती पांढरीफटक होती. मी जीव तोडून जळत होते आणि त्या बोटांत काही जात नव्हते. शेवटी जेरार्डने तिचे हात आपल्या हातांत घेतले. आगीपुढे अर्धा तास धरलेले ते हात बर्फासारखे गार लागले असावेत, कारण तो ताडकन उठला आणि त्याने हारुनला फोन लावला. "गाडी लेके आ. अभी. हॉस्पिटल."

मी मागे एकटी जळत राहिले. दुपारपर्यंत विझले.

रक्ताचा आजार होता. हे मला चार दिवसांनी कळले, जेरार्ड घरी कपडे न्यायला आला तेव्हा. तो माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि हारुनला म्हणाला, "डॉक्टर बोला, आठ-नौ महिना पहले लाते, तो कुछ कर सकते थे." हारुनने कपड्यांची पिशवी त्याच्या हातातून घेतली. जानेवारीतला तो एकोणीसचा दिवस जेरार्डलाही आठवत होता आणि मलाही.

नोव्हेंबरात तिला वसईला नेले. तिथले मराठीत बोलणारे डॉक्टरही तेच म्हणाले असणार. नाताळ तिला दिसला नाही.

फेब्रुवारीत जेरार्ड आणि मरिसा घर आवरायला आली. मरिसाला आता वसईला मावशीकडे राहायचे होते आणि जेरार्डला वसाहतीतल्या एका खोलीत. त्या सकाळी खरोखरची थंडी होती. मरिसा माझ्यासमोर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. बांधता बांधता थांबली आणि मान वर न करता म्हणाली,

"डॅडी, आय शुड हॅव सेड फोर्टीन लास्ट जॅन्युअरी. व्हेन इट वॉज नाइन्टीन. आय शुड हॅव लाइड देन."

जेरार्डने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि त्याला रडू कोसळले. मरिसाला वाटले, आपले म्हणणे त्याला पटले. तिने नाडी बांधली, बॅग उचलली आणि ती हारुनच्या गाडीत जाऊन बसली. बाप तिच्या मागून गेला. गाडीत तरी तो तिच्याशी बोलला का, हे मला माहीत नाही. बोलला नसावा. हारुन नंतर माझी लाकडे न्यायला आला, तेव्हा म्हणत होता की विमानतळापर्यंत कोणी एक शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी ती बैठी घरे पाडली आणि मी इथे आले. काच फुटली आहे, धुराडे कोणी नेले ठाऊक नाही. अशा कहाण्यांच्या शेवटी जुन्या वस्तू आपली निगा राखा म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. माझी निगा राखून आता कोणाचे भले होणार नाही. घरातले कोणी थंडी वाजते म्हणाले, तर त्याचे हात धरून बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, एवढे मी तुमच्या आईवडिलांना सांगेन. तुमच्याकडे माझे वेगळे मागणे आहे.

मला तोंड आहे, पण ते फक्त लाकडे घेण्यापुरते. नाड्या बांधताना ती पोर माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि मला तिला काही सांगता आले नाही. ती आता पंधरा वर्षांची असेल. वसईला मावशीकडे राहते, मराठी तिला कळते, पण उत्तर इंग्रजीत देते. तुमच्या शाळेत, तुमच्या वर्गात अशी कोणी मरिसा असेल, तर तिच्याशेजारी जाऊन बसा आणि तिला सांगा, की ती नऊ महिने गप्प राहिली ती मोठी माणसे गप्प होती म्हणून. तिने पारा खरा वाचला, यात तिची काही चूक नव्हती.