तारखेचा कोरा रकाना

दादाचा नंबर लागला म्हणून कळलं तेव्हा धाकटीला आधी रडू फुटलं, मग हसू, आणि मग दोन्ही एकदमच. किडनीसाठी थांबलेल्या पेशंटांची यादी जिथे सांभाळतात ते हे ऑफिस, हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची एक खोली. यादीचा प्रोग्रॅम धाकटीच लिहायची. तिचा सख्खा भाऊ त्याच यादीत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण क्रम मशीन लावतं, इथे वशिला चालत नाही, याचा तिला कोण अभिमान!

"अहो, पहिलं नाव तुमच्या भावाचं आलंय!" यादी बघणाऱ्या डॉक्टरीणबाई दारातूनच ओरडल्या. "अपघातातला पेशंट गेला, घरचे किडनी द्यायला तयार झालेत. रक्तगट जुळतोय. तुमच्या वहिनींना मी फोन केलासुद्धा."

तेवढ्यात वहिनीचाच फोन. "छोटे, अगं लागला गं नंबर! मी पिशवी भरतेय. हा माणूस बघ, दाढी करत बसलाय, म्हणतो ऑपरेशनला नीटनेटकं जायचं!" मागून दादा काहीतरी ओरडला आणि दोघं हसली. त्या घरातलं हसणं धाकटीने किती दिवसांनी ऐकलं होतं. डायलिसिसच्या वाऱ्या करून करून दादाचं नुसतं चिपाड झालं होतं.

फोन ठेवला आणि तिच्या मनात आलं, दादा तर पाचवा होता ना?

पुढचे चौघे एकाएकी गेले कुठे? तिने दादाची नोंद उघडली. नाव होतं. रक्तगट होता. नवा फोन नंबर होता. आणि यादीत नाव कधी लागलं त्या तारखेचा रकाना कोरा.

धाकटीने नोंद मिटून पुन्हा उघडली, तरी कोराच.

आता हे झालं कसं, ते सांगायलाच हवं. डेटाबेसमधली माहिती उचलून प्रोग्रॅमच्या हातात द्यायची आणि परत जागेवर ठेवायची, हे काम एक लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम. जुनी लायब्ररी अगडबंब होती, स्क्रीन उघडेपर्यंत चहा निवायचा. धाकटीनेच साहेबांच्या मागे लकडा लावून नवी हलकीफुलकी आणवली होती आणि चार दिवस तिचं कौतुक सांगत फिरत होती. पण ती जुनी जाडी लक्ष ठेवायची, बदललं असेल तेवढंच लिहायची. नवीला असल्या चौकशा नकोत! तुम्ही हातात द्याल ते अख्खं लिहून मोकळी. फोन बदलायच्या स्क्रीनसाठी धाकटीने नाव, रक्तगट आणि फोन एवढंच मागवलं होतं, बाकीचं ओझं कशाला म्हणून. सेव्ह करताना न मागवलेली तारीख कोरी होऊन परत गेली. आणि कोरी तारीख म्हणजे सगळ्यात जुनी, असं समजून मशीनने दादाला नेऊन बसवलं सगळ्यांच्या डोक्यावर.

त्या स्क्रीनवर आजवर एकच बदल झाला होता. सकाळी, तिच्याच हातून. "याचा फोन पाण्यात पडला गं," वहिनी म्हणाली होती, "नवा तेवढा घालून ठेव, ऐनवेळी लागायचा नाही."

झक मारली आणि हात लावला!

पण कोण बघणार होतं? स्क्रीन उद्या गुपचूप दुरुस्त केली की संपलं. तारीख काय, नंतर भरता येईल. डॉक्टरीणबाई आनंदात फायली काढत होत्या. दादाला वहिनी आहे, शाळेत जाणारी पोर आहे. तो चांगला माणूस आहे हो! धाकटीला त्या क्षणी जगातल्या कुणाचंही काही नको होतं, फक्त दादा हवा होता, आणि त्यासाठी नुसतं गप्प बसायचं होतं.

तिने यादी पुन्हा बघितली. दादाच्या खाली एका बाईंचं नाव होतं. तारीख दादाच्या कितीतरी आधीची. आणि फोनच्या रकान्यात एक नाही, तीन फोन. स्वतःचा, मुलाचा, शेजाऱ्यांचा. ऐनवेळी लागायचा नाही म्हणून.

"बाई, थांबा," धाकटी म्हणाली. "दादा पहिला नाही. माझ्या प्रोग्रॅमने त्याची तारीख पुसलीय."

डॉक्टरीणबाईंनी हातातली फाईल खाली ठेवली. "अहो, पण ते निघालेत ना!"

"तुम्ही त्या बाईंना फोन लावा. घरी मी सांगते."

कालच्या बॅकअपमधून तिने तारीख काढली. लायब्ररीला मधे घेतलंच नाही, हाताने एक ओळ लिहिली, दादाच्या नोंदीत फक्त तारीख घाल. ती ओळ दोनदा खोडावी लागली. यादी पुन्हा उघडली. दादा पाचवा.

फोन दादानेच उचलला. मागे गाडीचा हॉर्न वाजत होता.

"पोचतोच आहोत गं! खाली ये घ्यायला."

"दादा, तुझा नंबर नाही लागलेला. यादी चुकली होती."

"हॅट्! वेडी का तू? नीट बघ परत. तुझंच काहीतरी चुकलं असेल."

"हो," धाकटी म्हणाली, "माझंच चुकलं. सकाळी तुझा फोन बदलला ना, तेव्हा." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

तिकडे वहिनी विचारत होती, काय झालं, काय म्हणतेय ती? "गाडी परत घ्या," तो ड्रायव्हरला म्हणाला.

"छोटे."

"हं."

"नवा फोन तेवढा राहिलाय ना यादीत? का तोही गेला?"

"राहिलाय, दादा."

"मग झालं. रडू नकोस," दादा म्हणाला. "तो काढू नकोस हं. पुन्हा कधी खरंच लागला तर."