माईक रोहिदासला द्या

दहिवलीचे झाकीरभाई साउंडवाले कर्जत-खालापूर पट्ट्यात कुणाला ठाऊक नाहीत? लग्न असो, उरूस असो, हरिनाम सप्ताह असो नाहीतर प्रचारसभा, भोंगे आणि मिक्सर त्यांच्याच टेंपोतून उतरायचे. बोलायलाही माणूस फटकळ. पण एका प्रश्नापुढे त्यांची बोबडी वळायची. "तुमची सिद्रा डॉक्टर झाली म्हणे. दवाखाना कधी टाकतेय?"

सिद्रा, त्यांची थोरली, मुंबईच्या विद्यापीठात लेप्टो या पावसाळी तापाच्या जंतूंवर संशोधन करत होती. पीएचडी संपत आलेली. ती सुई टोचणारी डॉक्टर नव्हे, एवढं झाकीरभाईंना कळत होतं. पण मग ती नेमकं करते काय, हे चार माणसांत सांगायला गेलं की सगळा घोळ व्हायचा.

"सांगा की, जंतू शोधते," बायको मासूमा म्हणायची.

"शोधते म्हणजे? हरवलेत का ते?"

मे महिन्यात सिद्राचा फोन आला. "अब्बा, आमच्या विभागातर्फे कडावला कार्यक्रम करतोय. भातलावणीच्या आधी लोकांशी लेप्टोवर बोलायचंय. साउंड तुमचाच हवा."

झाकीरभाईंनी त्या दिवशीची लग्नाची ऑर्डर भाच्याकडे सोपवली आणि नवे कोरे स्पीकर घेऊन ते स्वतः कडावला गेले.

समाजमंदिर भरलं होतं. बायका पुढे चटईवर, पुरुष मागे भिंतीला टेकून. सिद्राने पडद्यावर जंतूचा व्हिडिओ लावला. केसाहून बारीक, वळवळणारा, टोकाला आकड्यासारखा वाकलेला दोरा. उंदराच्या लघवीतून तो खाचरातल्या पाण्यात उतरतो आणि पायाला चीर असली की तिथून अंगात शिरतो, हे ती समजावत होती. पोरगी छान बोलत होती. मिक्सरमागे बसलेले झाकीरभाई मनातल्या मनात सुखावले होते.

तेवढ्यात मागून एक जण उठला. रोहिदास. गावातलाच, दुधाचा धंदा करणारा.

"बाई, लेप्टोचं सांगताय ते बरंच हाय. पन दोन वर्सामागं अशीच शिकलेली मानसं आमच्याकडं आली व्हती. माजी वयनी तापानं फणफणलेली. तिचं रक्त नेलं, आजूबाजूच्या घरांतनं नेलं. वयनी गेली. त्या रक्तात काय गावलं, आजपातूर कुनी सांगाया आलं नाय. रक्त नेताना गोड बोलता, मंग तोंड दाखवत नाय."

"खरं हाय रं!" भिंतीपाशी गलका उठला. पुढे तो काय म्हणाला ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

झाकीरभाईंचा हात आपोआप मिक्सरकडे गेला. सभा बिघडवायला कुणी उठला की काय करायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. दणदणीत गाणं सोडायचं, की उठलेला माणूस आपोआप बसतो. त्यांनी लेकीकडे पाहिलं. आता खूण करेल, मग करेल.

सिद्राने मान हलवली. नाही. आणि माईकवरूनच म्हणाली, "अब्बा, दुसरा माईक चालू करून यांना द्या. मागे ऐकू जात नाहीये."

सारं समाजमंदिर वळून झाकीरभाईंकडे बघायला लागलं. ही यांची मुलगी! कानशिलं तापलेल्या अवस्थेत त्यांनी माईक नेऊन रोहिदासच्या हातात दिला.

रोहिदास पहिल्यापासून बोलला. वहिनीचा ताप, पिवळे पडलेले डोळे, कर्जतहून पुढे नेताना वाटेतच गेलेला जीव. सिद्राने ते शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं.

मग म्हणाली, "दादा, ते रक्त आमच्या विभागाने नेलं की दुसऱ्या कुणी, मला माहीत नाही. पण कुणीही नेलेलं असो, तुम्हाला सांगायला हवं होतं. ते चुकलंच. मी शोध घेते. काही हाती लागलं तर ते, नाही लागलं तर नाही लागलं, हे सांगायला लावणीच्या आधी मी स्वतः येईन."

"बगू," म्हणून रोहिदास खाली बसला.

परतताना टेंपो झाकीरभाईच चालवत होते. भिसेगावचं वळण गेल्यावर त्यांना राहवलं नाही. "एवढ्या लोकांत ‘मला माहीत नाही’ म्हणालीस. स्टेजवर चढून असं कुणी बोलतं का गं?"

"खरंच माहीत नव्हतं, अब्बा. आमचं कामच तिथून सुरू होतं. माहीत नाही म्हणायचं आणि मग माहीत होईपर्यंत सोडायचं नाही."

तिने सोडलंही नाही. नमुने दुसऱ्याच शहरातल्या एका संस्थेने नेले होते. तपासणी झाली होती, निकाल मात्र तिथेच पडून राहिले होते. सिद्राने फोन केले, खेटे घातले, तिच्या सरांनी शब्द टाकला, रीतसर परवानगी मिळाली. भाताची रोपं वीतभर झाली असताना ती अब्बांच्या टेंपोतून पुन्हा कडावला आली. या वेळी माईक नको म्हणाली. ज्याचं रक्त त्यालाच निकाल, म्हणून घरोघर गेली.

रोहिदासच्या घरी त्याचा भाऊ नवनाथ बसला होता. गेली ती त्याची बायको. नवनाथने झाकीरभाईंनाही आत बोलावलं. "तुमी पन ऐका, भाई."

"वहिनींना लेप्टोच झाला होता," सिद्रा म्हणाली.

नवनाथने मान वर केली. "मंग चिंबोऱ्या?"

"चिंबोऱ्या? खेकड्यांचं काय?"

"ताप यायच्या आदल्या राती मी वढ्यातनं चिंबोऱ्या आनल्या व्हत्या. तिनं रांधल्या, आमी खाल्ल्या. समदी म्हनली, त्यांनीच बाधलं. माज्या हातानं झालं म्हनून..."

सिद्रा त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "दादा, शिजवलेल्या चिंबोऱ्यांनी हा आजार होत नाही. जंतू त्याच्या कितीतरी दिवस आधी अंगात शिरलेला असतो. तुमच्या हातून काही झालं नाही."

"खरं सांगतीस, ताई?"

"रक्तातच दिसलंय."

नवनाथने टॉवेल तोंडावर धरला आणि तो हुंदके देऊन रडला. रोहिदासने भावाच्या पाठीवर हात ठेवला. झाकीरभाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, कारण त्यांचेही डोळे भरून आले होते.

निघताना रोहिदास टेंपोपर्यंत आला. "भाई, या रविवारी वरच्या वाडीत भोंगं लावा. मानसं गोळा करायचं काम माजं. ताईंना तेवढं आना."

रविवारी वाडीतल्या शाळेसमोर झाकीरभाईंनी स्पीकर चढवले. पहिल्याच रांगेत नवनाथ बसला होता आणि गमबुटात पाणी शिरलं तर काय करायचं, म्हणून विचारत होता. टेंपोपाशी उभ्या असलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याने झाकीरभाईंना विचारलं, "कोन वो ह्या बाई?"

"माझी मुलगी," झाकीरभाई म्हणाले. "लोकांना ताप कशानं येतो ते शोधून काढते, आणि काढलं की घरी येऊन सांगते."