हौसेचं वाजवणं

"गप बसा रं, आता आपलंच हाय," जोतीराम ओरडला आणि चौकातल्या पडद्यासमोर बसलेली सगळी पेठ गप्प झाली.

पडद्यावर मुंबईचा संगीत पुरस्कार सोहळा चालू होता. कार्यक्रम होऊन गेला होता मागच्याच आठवड्यात, टीव्हीवर दाखवत होते आज. रणझुंजार तालमीचे अध्यक्ष उदयसिंह आणि त्यांच्याबरोबर मुंबईला गेलेले चौघे केव्हाच परत आले होते आणि पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून स्वतःलाच बघायला बसले होते. गाणं जिंकलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी जिंकताना बघायचं होतं. धम्मपाल जोतीरामच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. गाण्यातला हलगीचा ठेका त्याचा होता.

धम्मपाल उद्यमनगरात लेथवर काम करायचा आणि उरलेला सगळा जीव तालमीच्या फुटबॉल संघावर टाकायचा. राहायला राजारामपुरीच्या पलीकडे, पेठेत नव्हे. पण शाळेत असल्यापासून त्याने संघाची मॅच चुकवली नव्हती आणि मिसरूड फुटल्यापासून गॅलरीतली हलगी त्याचीच होती. काही वर्षांपूर्वी एका सेमीफायनलला संघ मागे पडला, पोरांच्या माना खाली गेल्या, तेव्हा त्याने वेगळंच काहीतरी वाजवलं. घाईघाईचे ठोके आणि मध्येच एकदम थांबायचं. त्या रिकाम्या जागेत सगळी गॅलरी तालमीचं नाव घेऊन ओरडली. मॅच गेली, ठेका राहिला. मग मुंबईहून एक संगीतकार आला, गॅलरीत बसून गेला, नंतर तालमीत येऊन धम्मपालकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेऊन रेकॉर्ड करून गेला. आता ते गाणं वरातीत, रिक्षात, मोबाईलात, जिकडे तिकडे वाजत होतं.

संगीतकाराने सोनेरी बाहुली हातात घेतली आणि सांगितलं की हा ठेका ज्यांचा, ते कोल्हापूरकर इथे आले आहेत. फेटे बांधलेले पाचजण मंचावर चढले. चौक दणाणला. आपल्याला मुंबईला नेलं नाही, याचं धम्मपालला फारसं वाईट वाटलं नव्हतं. पासच पाच होते आणि कामावरून रजाही मिळाली नसती, अशी समजूत त्याने स्वतःच घालून घेतली होती. त्याला हवं होतं फक्त नाव. एकदा, त्या माईकवरून.

"हा ठेका सुचला कुणाला?" निवेदिकेने विचारलं.

"सुचायचं काय त्यात?" पडद्यावरचे उदयसिंह म्हणाले. "आमच्या पेठंच्या रक्तात हाय त्यो. वाडवडलांपास्नं."

"आणि वाजवतं कोण?"

"वाजीवणारी काय, बोलवून घेतो आमी."

निवेदिका हसली, टाळ्या पडल्या, साबणाची जाहिरात लागली.

चौकात फटाक्यांची माळ लागली. धम्मपालने जोतीरामकडे पाहिलं. ज्या मॅचला तो ठेका पहिल्यांदा वाजला, त्या मॅचला हाच जोतीराम मांडीला मांडी लावून शेजारी होता. त्याने सगळं ऐकलं होतं हे दिसतच होतं, कारण तो खाली वाकून चपलेचा पट्टा उगीचच चाचपत राहिला. मग उठला आणि बाकीच्यांबरोबर नाचायला गेला.

आयत्या बिळावर नागोबा, असं धम्मपालच्या तोंडावर आलं होतं. तो उठून पहिल्या रांगेपाशी गेला. हात दाखवून अवलक्षण होणार हे कळत होतं, पण पाय थांबले नाहीत.

"उदयदादा, माझं नाव न्हाय घेतलं."

उदयसिंहांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. माणूस वाईट नव्हता. धम्मपालच्या बायकोच्या आजारपणात त्याने स्वतःची गाडी पाठवली होती, आणि ती गेली तेव्हा स्मशानातही आला होता.

"अरं, नाव कुणाकुणाचं घ्यायचं मर्दा? झेंडंवालं, फटाकंवालं, समदी रुसत्यात मग. तू काय परका हायस व्हय?"

"ठेका मी बसवलाय, दादा."

"व्हय की. न्हाय कोण म्हणतंय? पेठंनं सांभाळला म्हणून तर नाव झालं." आणि बोलता बोलता त्यांना दुसऱ्याच कामाची आठवण झाली. "बरं झालं आलास. उद्या फायनलच्या आदी मिरवणूक काढायची हाय, बाहुली घेऊन. तू म्होरं ऱ्हायचं. आन आत्ता जेवून जा. हॉलमदी पेठंची पंगत हाय. वाजीवणाऱ्यांचं मागं, शाळंच्या अंगणात केलंय."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की धम्मपालला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याच्यासाठी वेगळी पंगत आजच निघाली नव्हती. गेल्या वेळी चषक जिंकला तेव्हाही तो अंगणातच जेवला होता. तेव्हा हॉल भरला असेल असं त्याला वाटलं होतं.

जोतीराम घामाघूम होऊन जवळ आला. त्याने अर्धवट ऐकलं असावं.

"जाऊ दे की लेका," तो हळूच म्हणाला. "मटण त्येच हाय."

धम्मपाल न जेवता घरी आला.

त्याची आई, मीनाबाई, तांदूळ निवडत बसली होती. तिने टीव्ही पाहिला होता. मुरगूडकडच्या त्यांच्या गावात तिचे सासरे हलगी वाजवायचे. कुणाचं लग्न असो, कुणाचं मयत असो, निरोप आला की दारात उभं राहायचं, शिळंपाकं पदरात घेऊन परत यायचं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि म्हाताऱ्याने वाजवणं सोडलं. गावाने पाणी तोडलं, तरी पुन्हा हात लावला नाही. धम्मपालने पहिल्यांदा हलगी विकत आणली, तेव्हा मीनाबाई त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नव्हती. "आये, ते हुकमाचं वाजवणं हुतं," त्याने तिला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. "हे माझ्या हौसेचं हाय. मला कोण बोलवत न्हाय, मी आपला आपण जातोय." शेवटी तिने तो विषयच सोडला होता.

आज तिने तो पुन्हा काढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"जेवला न्हाईस?" तिने एवढंच विचारलं.

"न्हाय."

ती उठली आणि तवा चढवला.

संघप्रिया, त्याची मुलगी, मोबाईल घेऊन तणतणत बाहेर आली. "पप्पा, तालमीतला रेकॉर्डिंगचा व्हिडिओ हाय माझ्याकडं. तुम्हीच वाजवताय त्यात. आत्ता टाकते. सगळ्या महाराष्ट्राला कळू दे."

"काय लिवणार?"

"हेच, की ठेका माझ्या पप्पांचा हाय."

"आन मग? उद्या दादा बोलवून हार घालतील. बोलवूनच घालतील." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "नको टाकू."

"मग गप बसायचं?"

त्याने तुकडा तोंडात टाकला. वाईट याचं वाटत होतं की एवढं होऊनही उद्याच्या फायनलची काळजी सुटत नव्हती. कुणाची म्हैस, कुणाला उठाबस, तसली गत.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत तो गेला नाही. मॅचला मात्र गेला. हलगी खुंटीला टांगून गेला आणि स्टेडियमच्या तिकीटखिडकीवर रांगेत उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने तिकीट काढलं नव्हतं. हलगी दिसली की गेटवरचा माणूस "सोडा रं त्येला" म्हणायचा, आणि धम्मपाल छाती फुगवून आत जायचा. केवढा मान, असं वाटायचं. मंडप घालणाऱ्याला आणि पाण्याचे जार आणणाऱ्यालाही त्याच गेटमधून सोडत होते, हे त्याला आज रांगेत उभं राहून दिसलं.

तो पेठेच्या गॅलरीत गेला नाही. लांबच्या कोपऱ्यात, बाहेरगावच्या लोकांत बसला. तरी जोतीरामने हुडकून काढलंच.

"अरं, हितं काय करतोयस? हलगी कुठाय?"

"घरी."

"दादा खवळल्यात. चल, पोराला पाठवतो आणाय."

"नको. तिकीट काढलंय मी."

यावर जोतीराम काहीतरी म्हणेल असं धम्मपालला वाटलं, आणि त्याने वाटही पाहिली. पण खाली संघ मैदानात उतरला आणि जोतीराम पळत आपल्या जागेवर गेला.

गोल झाला तो मॅच संपत आली तेव्हा. चेंडू जाळीत गेला आणि धम्मपाल उभा होता, हात वर होते, घसा फाटेपर्यंत ओरडत होता. कधी उठला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. समोर पेठेची गॅलरी उसळली. आता हलगीवाचून यांचं अडेल, असं मनात येऊन त्याला जरा बरं वाटतंय न वाटतंय, तोच स्पीकरवर गाणं लागलं. त्याचेच ठोके, स्वच्छ, त्याच्या हातापेक्षाही खणखणीत. थांबायची जागा आली, आणि सगळं स्टेडियम तालमीचं नाव घेऊन ओरडलं. कुणाचं काही अडलं नाही.

शेजारी जोतिबावरून आलेला एक गुलालविक्या होता. त्यालाही नाचायचं होतं. त्याने धम्मपालचा दंड धरला.

"नाचा की पावणं. एवढं वरडलासा, पेठंचंच न्हवं का तुमी?"

"न्हाय," धम्मपाल म्हणाला. "मॅच बघाय आलोय."

आणि तो खाली बसला. पुढे उभ्या राहिलेल्या लोकांमुळे मैदान दिसत नव्हतं, तरी शिट्टी होईपर्यंत बसून राहिला.