सरल, मग नेऊ

नांदेडच्या दवाखान्यात पंचफुलाबाई सून अयोध्या हिच्यापासून मधली एक खुर्ची सोडून बसली. घरी पाळीत बाहेर बसलेल्या बाईपासून जेवढं लांब राहायचं, तेवढंच. अयोध्याने पदर आवळून घेतला. तिला याची सवय होती. नवरा, व्यंकट, हैदराबादला सेंट्रिंगच्या कामाला. अंगावरून जाऊ लागलं की तिचं पोतं पडवीत पडायचं, ताटात भाकरी वरून पडायची, आणि तेहतिसाव्या वर्षी ती भिंतीशी बोलायला शिकली होती.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला.

"गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. कधीपासून जातंय अंगावरून?"

अयोध्याला धड आठवेना. बोलली ती सासू.

"पोळ्याला आठ दिवस बसली. नवरात्रात अकरा, घटाला हात लावता आला न्हाई. दिवाळीत उठलीच न्हाई, फराळ मी एकलीनं केला. संक्रांतीला तेरा."

म्हातारीने एक सण चुकवला नाही. आपल्याकडे कुणाचं लक्षच नाही, असं अयोध्याला इतके दिवस वाटायचं. लक्ष तर डोळ्यांत तेल घालून होतं. ते कळल्यावर तिला जास्तच एकटं वाटलं.

"आजी, एवढं ध्यानात होतं, मग आणलं का नाही?"

"तशा बाईला तपासायला कसं आणावं, बाई? सरल, न्हाणं होईल, मग नेऊ म्हणलं." पंचफुलाबाईने रिपोर्टाकडे बघितलं. "सरलंच न्हाई."

तिशीनंतर तपासणी झाली असती तर फार आधी सापडलं असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता उपचार बरेच महिने चालणार होते.

"घरात मुलगी आहे?"

"हाय की. शिवांगी, चौदाची."

"तिला या आजाराची लस द्या. उद्याच नायगावच्या सरकारी दवाखान्यात देणार आहेत."

"देऊ की." नातीवर म्हातारीचा लई जीव. "पण उद्या न्हाई. कालच बसली ती. पाच दिवस सरू द्या."

अयोध्याने सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पाळीत चालती का लस, बाई?"

"चालते."

"मग उद्याच, आत्याबाई."

लग्नाला सोळा वर्षं झाली, सासूचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. पंचफुलाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"उद्या किती वाजता, बाई?"