पायाला कळलं पाहिजे

बारक्याने ब्रेकच्या जुन्या पाइपाचा नट नव्या रबरी होजच्या तोंडात बोटांनीच फिरवला. एक आटा बसला, दुसरा बसला, तिसऱ्यालाही नट बिनतक्रार आत गेला. मग त्याने होज धरून जरा हलवून बघितला. नट आतल्या आत खुळखुळला.

"बसला?" गाडीच्या पलीकडून दादाने विचारलं.

"बसल्याचं सोंग करतोय."

त्याने नट पुन्हा उलटा फिरवून काढला. जुन्या गाडीचे आटे इंचाच्या मापाचे, नवे होज मिलिमीटरचे. दोन्ही मापं इतकी जवळची की नट आत जातो, पान्याने आवळलाही जातो, आणि एखाद्या दिवशी कुणी जोरात ब्रेक मारला की आटे सोलून बाहेर येतो. जुन्या मापाचे होज आता कुणी करत नाही. तेव्हा एकच मार्ग होता. पाइपाचं टोक कापायचं, नव्या मापाचा नट त्यात ओवायचा आणि ते टोक शिकंज्यात धरून नव्याने फुलवायचं. काम किचकट खरं, पण बारक्याचा त्यात हातखंडा होता.

बारक्या म्हणजे कुणी पोरगा नव्हे. चौसष्ट वर्षांचा, गुडघे कुरकुरणारा, दोन नातवंडांचा आजोबा. थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं नाव त्याला असं चिकटलं होतं की गिऱ्हाइकं फोनवरसुद्धा "बारक्याशेठ आहेत का?" असं विचारत. दोघा भावांचं गॅरेज चाळीस वर्षांचं. मागच्या दारातून आत गेलं की दादा-वहिनींचं घर, आणि माळ्यावर बारक्याचं बिऱ्हाड.

आज जॅकवर होती ती दादाची स्वतःची गाडी. त्याच्या संसाराइतकीच जुनी. बारक्याने आयुष्यात हजारेक गाड्या चालवून बघितल्या असतील, त्यात ही नव्हती. दादा उंच. त्याने सीट आणि आरसा आपल्या बेताने लावले होते, आणि त्यांना कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. बारक्यानेही कधी हट्ट धरला नाही. भावाच्या ताटातलं आपण ओढून घेऊ नये, तसंच ते होतं त्याच्या लेखी.

होज बदलायचं दादानेच काढलं होतं. ब्रेक मऊ लागतोय, महिनाभर त्याचा एकच धोशा. बारक्याने ऑइल बघितलं, पॅड बघितले, मग भीत भीत विचारलं की मी एक चक्कर मारून बघू का. त्यावर दादा इतकंच म्हणाला की मी काय खोटं सांगतोय, आणि विषय तिथेच संपला. काल जुने होज काढले तेव्हा बारक्याने एक दुमडून उजेडात धरला होता. रबराला एक चीर नव्हती. तो भंगाराच्या डब्यात टाकायच्या ऐवजी त्याने टेबलावर ठेवून दिला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दर गुरुवारी दादा वहिनीला इस्पितळात नेई. तिच्या मूत्रपिंडांचं काम तिथलं मशीन करत असे, चार तास. वाटेत एक लांब उतार, उताराच्या पायथ्याशी शाळेचं फाटक. गेल्या गुरुवारी गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायच्या ऐवजी चार हात पलीकडे जाऊन थांबली होती. हे दादाने सांगितलं नाही. वहिनीने सांगितलं, तेही हसत हसत, "यांना आता मुलांबरोबर शाळेतच बसायचंय वाटतं." पण हसताना तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला होता. आज मंगळवार होता. परवा पुन्हा तोच उतार.

दुपारपर्यंत दोन्ही पाइपांची टोकं कापून, फुलवून झाली. होजच्या खालच्या टोकाला बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचं एकेक वॉशर लागतं. चारातलं एक बारक्याच्या हातून निसटलं आणि टणकन वाजून कुठेतरी गडप झालं. दोघांनी गुडघे टेकून अख्खी फरशी चाचपली. वॉशर मिळेना.

"तुझ्या बोटांना काही कळतं की नाही?" दादा म्हणाला, आणि कपाटातून दुसरं काढून दिलं.

बारक्या कामाला लागला. चाळीस वर्षांत हे वाक्य त्याने हजार वेळा ऐकलं होतं, त्याचं त्याला काही वाटत नसे.

मग राहिली हवा काढायची. हे काम दोघांचंच. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी निपल, म्हणजे हवा सोडायचं बारकं तोंड, उघडून हवेसकट ऑइल नळीवाटे बाटलीत सोडायचं, निपल बंद करायचं, मगच आतल्याने पाय उचलायचा. निपल उघडं असताना पेडल सुटलं तर काढलेली हवा परत आत जाते. आत नेहमी दादा आणि खाली नेहमी बारक्या. आणि दादाचा नियम असा की हवा काढताना पायात चप्पल नको. पायाला कळलं पाहिजे, असं तो म्हणे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याने हे पहिल्याच दिवशी ऐकवलेलं होतं. आताही चपला दाराशी काढून, गाडीला वळसा घालून तो अनवाणी आत जाऊन बसला.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

बारक्याने निपल उघडलं. नळीतून दोन बुडबुडे आले, ऑइल बोटभर पुढे सरकलं, आणि बघता बघता मागे गेलं.

"धरलंयस ना?"

"धरलंय म्हणालो ना."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. बारक्याला वाटलं, आपण फुलवलेलं टोकच कुठेतरी हवा खातंय. त्याने पाइप सोडवला, टोक कापलं, नव्याने फुलवलं, जोडलं. तिसऱ्या आणि चौथ्या वेळीही ऑइल मागे गेलं. आता आणखी कापलं तर पाइप होजपर्यंत पोचणार नव्हता. त्याने जोडावर कोरडा कागद फिरवला. कागद कोराच्या कोरा निघाला.

"काय गोंधळ चाललाय तुझा?" आतून दादा करवादला.

बारक्या गुडघ्यावर हात देऊन उठला. टाकीतलं ऑइल बघावं म्हणून तो उघड्या दाराशेजारून जाऊ लागला, आणि तिथेच थांबला.

दादा समोर काचेतून बघत होता. चेहरा कामात असतो तसा, ओठ मिटलेले. हात स्टिअरिंगवर. आणि खाली त्याचा पाय पेडलवरून घसरून शेजारच्या पत्र्यावर टेकला होता. पूर्ण जोर लावलेला, पोटरीची शीर ताठ झालेली. पेडल मोकळंच वर आलेलं.

"धरलंय रे," दादा म्हणाला. "उघड की."

टाच वर उचललेली होती. तिच्या खाली, कातडीत रुतून बसलेलं, तांब्याचं वॉशर चमकत होतं.

 बारक्याला शाळेचं फाटक आठवलं, वहिनीचा दांडा आवळलेला हात आठवला, टेबलावरचा तो धडधाकट होज आठवला. ज्या पायाने गावातल्या किती ब्रेकांची दुखणी ओळखली, तो पाय आता पत्रा आणि पेडल यांतला फरक ओळखत नव्हता. हे बोलायचं कसं? दादाला आजवर तो कधी चूक म्हणाला नव्हता. रडू येईल असं वाटलं, म्हणून त्याने नाक जोरात ओढलं.

मग तो खाली बसला आणि नखाने ते वॉशर काढून बाजूला फरशीवर ठेवलं. दादाचा पाय हललासुद्धा नाही.

"दादा, तू खाली ये जरा. नट तू बघ एकदा. मी दाबतो."

दादाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. वाद होणार असं बारक्याने धरूनच चाललं होतं. पण दादा उतरला, चाकाशी गेला आणि फरशीवर आडवा झाला. बारक्या पहिल्यांदाच त्या सीटवर बसला. चपला काढून. पाय जेमतेम पोचत होते, आणि आरशात नुसतं छत दिसत होतं.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

चार वेळा बुडबुडे आले, पाचव्यांदा नितळ ऑइल आलं. दुसरं चाकही तसंच झालं. खालून निपल आवळल्याचा आवाज आला. दादाची बोटं अजून पक्की होती.

"पेडल कसं आहे?"

"दगड."

"वरपासून?"

"वरपासून."

 बारक्याने सांगायला तोंड उघडलं, की होज जुनेच होते, आज ना उद्या बदलावेच लागले असते. पण दादाच आधी बोलला.

"ते वॉशर कुठे मिळालं?"

फरशीवर मिळालं, असं बारक्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

"तुझ्या टाचेला होतं."

दादा गाडीखालून सरकत बाहेर आला आणि चाकाला पाठ लावून बसला. पाय मांडीवर घेऊन त्याने तळवा वर केला. टाचेवर गोल ठसा उमटला होता, कडेला थोडं रक्त. त्याने त्यावर अंगठा दाबून बघितला, आधी हळू, मग जोरात. मग पाय खाली ठेवला.

"मला वाटलं, ब्रेकच मऊ झालाय," तो म्हणाला. "तसंच वाटून घेतलं."

बारक्या त्याच्या शेजारी येऊन बसला. दोघांनीही काही काळ फडक्याने हात पुसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"डॉक्टरला दाखवू," बारक्या म्हणाला.

"दाखवू. आधी उतारावर बघून येऊ ब्रेक." दादा चाकाचा आधार घेत उठला, दोघांनी गाडी जॅकवरून उतरवली. मग दाराशी जाऊन चपला घालून दादा चालकाच्या दाराकडे न जाता गाडीला वळसा घालून पलीकडे बसला, आणि बारक्या स्टिअरिंगसमोर.

मागच्या दारात वहिनी येऊन उभी होती. कोण कुठे बसलंय ते तिने बघितलं. बारक्याला वाटलं ती काहीतरी विचारेल. पण ती म्हणाली, "भाऊजी, गुरुवारी साडेआठला निघावं लागतं हं. मशीन कुणासाठी थांबत नाही." आणि आत गेली.

बारक्याने गाडी सुरू केली. सीट पुढे घ्यायचा धीर त्याला झाला नाही, तो सीटच्या पुढच्या कडेला येऊन बसला होता. मागचा रस्ता बघायला त्याने मान वर ताणली. दादाने हे बघितलं. मग हात लांब करून त्याने आरसा धरला आणि हलकेच खाली वळवला.

"दिसतंय?"

"अजून जरा."

दादाने आणखी थोडा वळवला.

"आता दिसतंय," बारक्या म्हणाला.