उन्हात वाळवलेली माती

कुसाबाईंनी नळीवरचं काळं प्लॅस्टिक विळ्यानं टराटरा फाडलं, टोपण काढलं आणि आतली माती ओट्यावरच्या सुपात ओतली. वर फेब्रुवारीचं दुपारचं ऊन रणरणत होतं. माती नीट पसरून त्या दोन पावलं मागं सरकल्या. झालं! आता कुणीही काही करू शकत नव्हतं.

योगिनी महिनाभर त्यांच्याकडे राहत होती. दिंडोरीच्या डोंगरात, कुसाबाईंच्या मळ्याच्या वरच्या अंगाला एक गुहा आहे. तिथं माणूस पहिल्यांदा कधी राहिला, ते शोधायला ती नाशिकहून आली होती. आल्या दिवशीच तिनं समजावलं होतं, की वाळूचे कण शेवटचं ऊन पाहिल्यापासूनचा काळ पोटात साठवत राहतात आणि प्रयोगशाळेत तो मोजता येतो. पण गुहेतून अंधारात काढून नळीत बंद केलेल्या मातीला पुन्हा ऊन लागलं, की सगळं पुसलं जातं. कुसाबाईंना हे इतकं पटलं, की नळ्या ठेवलेल्या खोलीच्या खिडकीला त्यांनी स्वतःच्या हातानं गोधडी ठोकली होती.

आज चारला योगिनीच्या सहकाऱ्याची, अमितची जीप येणार होती. गुहेतला खड्डा बुजवला, सामान भरलं, की योगिनी निघाली. मग पुन्हा हे घर आणि त्यात एकट्या कुसाबाई. मालक जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पंचवटीत भाजीचा गाळा चालवतो; इथून तासाभराची वाट, पण दिवाळीनंतर काही फिरकला नाही. एकट्या माणसानं टीव्ही तरी किती बघायचा? महिनाभर घरात कुणीतरी ‘मावशी, मीठ कमी पडलंय’ असं म्हणायला होतं. माती बिघडली तर पोरीला राहावंच लागेल, एवढाच त्यांचा बेत. लबाडीच ती! पण जीव तुटत होता, त्याला काय करणार?

योगिनी गुहेकडून उतरून आली आणि सुपापाशीच थबकली.

“मावशी, हे काय?”

“ओली लागली गं हाताला. म्हटलं, बुरसंल, म्हून वाळत घातली.” हे त्यांनी सकाळपासून दहा वेळा घोकलं होतं. “लय चुकलं का?”

योगिनी टोपी काढून ओट्यावर बसली आणि मातीत बोट फिरवत राहिली.

“आता परत काढावी लागंल, नाय?” कुसाबाईंना राहवलं नाही.

“नाही मावशी. एका जागचे आम्ही दोन नमुने घेतो. दुसरा काल अमितच्या जीपमधून गेला. हा खराब झाला तरी चालेल.”

“हां का? बरं झालं बाई. उगा घोर लागला व्हता जिवाला.”

माती गोळा करायला त्यांनी सूप उचललं, पण ते कललं आणि निम्मी माती अंगणात सांडली. डोळे भरून आले. केरसुणी शोधायच्या निमित्तानं त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. केरसुणी तर पायाशीच होती.

योगिनीनं फोन लावला.

“अमित, कुठपर्यंत आलास? परत जा, उद्या सकाळी ये. एक नमुना खराब झालाय, उद्या पुन्हा घ्यावा लागेल. हो रे, माझ्याच हातून झालं.”

कुसाबाई वळल्या. “अगं, पण तू तर आत्ता म्हणालीस...”

“मला भूक लागलीय मावशी.”

पोरीनं सगळं ओळखलं होतं. कुसाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर न करता त्या आत गेल्या, परातीत बाजरीचं पीठ घेतलं, पाणी घालून मळू लागल्या. योगिनी येऊन चुलीपाशी बसली.

मळता मळता कुसाबाईंचा हात थांबला.

“किती वाजता येनार तो उद्या?”

“दहाला.”

कुसाबाईंनी पुन्हा पीठ मळायला घेतलं.

“अकरा सांग की त्याला,” कुसाबाई पिठाकडे बघतच म्हणाल्या.