जावांची जोडी

गोदामातली यंत्रं चालवायला शिकवणाऱ्या कॉलेजात थोरली पहिल्या दिवशी वर्गात शिरली, तर समोरच्याच बाकावर तिची धाकटी जाऊ! घरं वेगळी झाल्यापासून दोघींचा अबोला होता. दोघींनीही एकमेकींना पत्ता लागू न देता नाव घातलं होतं.

सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सरावासाठी त्यांनी नेमकी याच दोघींची जोडी लावली. थोरलीने फोर्कलिफ्ट चालवायची, धाकटीने बाजूला उभं राहून हाताने खुणा करायच्या.

"खोकी रचली की पुढचं दिसत नाही," सर म्हणाले. "खुणा करणारीवर भरवसा ठेवायचा."

झालं कल्याण, थोरली मनात म्हणाली.

पण खुणांना बोलावं लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला दोघींचं छान जमलं. वळणावर मात्र सगळ्यात वरचं खोकं कलंडायला लागलं. धाकटीने हात वर केला, पण थोरलीचं लक्ष भलतीकडेच.

"ताई, थांबा!" धाकटी जिवाच्या आकांताने ओरडली.

थोरलीने गाडी थांबवली. खोकं कडेवर तसंच राहिलं. थोरलीने वळून धाकटीकडे पाहिलं.

"तुला बोलता येतं तर अजून!" ती म्हणाली.

"तुम्ही बोलायची वाट बघत होते," धाकटी म्हणाली, आणि दोघींनाही हसू फुटलं.

सर धावत आले. "जोडी बदलू का तुमची?"

"नको, सर," थोरली म्हणाली. "हिचा आवाज मला इंजिनाच्या गोंगाटातही ऐकू येतो."